राजेंद्र नगरचा नेटवर्किंग क्लास: इतिहासात पैकीच्या पैकी, लॅबमध्ये जेमतेम पास

इंदुरात नेटवर्किंग शिकायचंय म्हटलं की जो तो भंवरकुआंकडे, म्हणजे इथल्या कोचिंगवाल्या भागाकडे, बोट दाखवतो, आणि तिथे काय होतं हे फी भरलेल्यांना माहीतच आहे, पहिल्या दिवशी सात लेयर पाठ, दुसऱ्या दिवशी पोर्ट नंबर पाठ, मग हातात डम्प, म्हणजे परीक्षेतले फुटलेले प्रश्न आणि उत्तरं, परीक्षा द्या आणि सुटा. मीपण तसलाच एक कोर्स केलाय, नाव घेत नाही, त्यांनी सर्टिफिकेट दिलं मी पैसे दिले, हिशोब मिटला. म्हणून ऑफिसातल्या एकानं राजेंद्र नगरातल्या या क्लासचं सांगितलं तेव्हा मी फार मनावर घेतलं नव्हतं. आता पूर्ण बॅच करून झालीय आणि तीन-चार जणांनी "कसा आहे, जाऊ का" विचारलं, तर एकदाच सविस्तर लिहून टाकते.

क्लास म्हणजे एका रिटायर्ड सरांच्या घराचा वरचा मजला. सर आयुष्यभर टेलिकॉममध्ये होते, एक्स्चेंज, ट्रंक लाइन, ते सगळं केलेले. शनिवार-रविवार संध्याकाळी बॅच असते, बाहेर बोर्ड वगैरे काही नाही, सगळं तोंडी चालतं. शिकवणं हिंदीत, पण निम्मी बॅच मराठी असल्यामुळे सर बोलता बोलता मराठीत घसरतात आणि मग मागची पोरं "सर, हिंदी में" करून ओरडतात. बॅचमध्ये एसजीएसआयटीएस या इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजची दोन पोरं, एक बँकेतून रिटायर झालेले काका (त्यांना नोकरी नकोय, त्यांना फक्त समजून घ्यायचंय, आणि सगळ्यात जास्त प्रश्न त्यांचेच), एक केबल टाकणारा कॉन्ट्रॅक्टर, आणि माझ्यासारखे पीथमपूरच्या कंपन्यांत आयटी सपोर्ट करणारे.

वेगळेपणा असा की सर प्रोटोकॉलपासून, म्हणजे कॉम्प्युटरांनी एकमेकांशी बोलायच्या नियमांपासून, सुरू करतच नाहीत, माणसापासून सुरू करतात. कुणाला काय अडचण आली, त्यानं काय केलं, कुणी त्याला वेड्यात काढलं, आणि त्यातून आज तुमच्या राउटरमधली कुठली सेटिंग आली. पहिल्या शनिवारी कॉम्प्युटर सुरूसुद्धा केला नाही आणि मी मनात म्हटलं गेले पैसे. पण मग लिकलायडर सुरू झाले. जे. सी. आर. लिकलायडर, मूळचा मानसशास्त्रवाला माणूस, १९६२ मध्ये अमेरिकेच्या आर्पा नावाच्या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेत कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख झाला आणि १९६३ मध्ये त्यानं आपल्या लोकांना एक मेमो लिहिला, त्यात पत्ता काय तर आंतर-आकाशगंगा कॉम्प्युटर नेटवर्कचे सभासद. तेव्हा दोन शहरांतली कॉम्प्युटर धड जोडलेली नव्हती आणि हे साहेब आकाशगंगा जोडत होते.

त्याच खुर्चीत १९६६ मध्ये बॉब टेलर बसला. त्याच्या पेंटागॉनमधल्या ऑफिसात तीन टर्मिनल होती, एक एमआयटीचं, एक बर्कलीचं, एक सांता मोनिकाचं, आणि तिन्हींचं लॉगिन वेगळं, कमांड वेगळ्या, एकावरून दुसऱ्याशी बोलायची सोय शून्य. हे ऐकताना मला हसूच आलं कारण माझ्या टेबलावर आजही तीन वेगवेगळ्या पोर्टलचे तीन पासवर्ड चिकटवलेले आहेत. टेलर उठला, आपल्या बॉसकडे म्हणजे चार्ल्स हर्झफेल्डकडे गेला, आणि वीसेक मिनिटांत दहा लाख डॉलरच्या आसपास बजेट घेऊन बाहेर आला, त्यातूनच ही लांबलांबची कॉम्प्युटर जोडणारं आर्पानेट निघालं. कॉन्ट्रॅक्टर भिया मागून म्हणाले, "हमारे यहां तो बीस मिनट में चाय भी सैंक्शन नहीं होती." सर हसले आणि पुढे गेले.

इथे माझी पहिली तक्रार. सरांनी त्याच दिवशी ठोकून दिलं की आर्पानेट अणुयुद्धातही टिकावं म्हणून बांधलं. हे सगळीकडे ऐकायला मिळतं आणि गोष्ट म्हणून छान वाटतं, पण टेलरची कथा स्वतःच पाच मिनिटांपूर्वी सांगून मग हे कसं काय? आर्पानेटमागचा हेतू होता महागडी कॉम्प्युटर लांबच्या संशोधकांना वाटून वापरता यावीत. अणुयुद्धाचा विचार करून काम केलं ते पॉल बॅरननं, आणि ते रँड कॉर्पोरेशन या संशोधन संस्थेत, वेगळ्या प्रोजेक्टवर. बँकवाल्या काकांनी हे विचारलं, सरांनी पुढच्या आठवड्यात स्वतःहून दोन्ही गोष्टी वेगळ्या करून सांगितल्या. मला तो भाग आवडला, इथले बरेच सर लोक प्रश्न विचारला की चेहरा पाडतात.

बॅरनचा दिवस मात्र जबरदस्त. हा मूळचा ग्रोड्नोचा, तेव्हाच्या पोलंडमधला, लहानपणी अमेरिकेत आलेला. त्याचा प्रश्न साधा होता, टेलिफोनची जाळी मोठमोठ्या सेंटरांवर उभी आहे, एक सेंटर उडवलं की सगळा भाग मुका. मग प्रत्येक नोड, म्हणजे जाळ्यातलं प्रत्येक ठाणं, आजूबाजूच्या तीन-चार नोडना जोडा, निरोपाचे सारखे तुकडे करा, आणि प्रत्येक तुकड्याला जी वाट मोकळी दिसेल तिथून जाऊ द्या. त्यानं गणित करून दाखवलं की तीन-चार पट जोडण्या एवढ्यानंच जाळं जवळजवळ अभेद्य होतं, त्याच्यावर उगाच वायरी वाढवायची गरज नाही. १९६४ मध्ये या सगळ्याचे अकरा खंड निघाले. आणि टेलिफोन कंपनी एटीअँडटीनं काय म्हटलं, तर हे चालणारच नाही.

आता गंमत म्हणजे सर स्वतः टेलिफोनवाले, त्यामुळे टेलिफोनवाल्यांची बाजू त्यांच्याइतकी चांगली कुणी मांडूच शकत नाही. फोन लावला की या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लाइन तुमच्या नावानं राखीव, तुम्ही बोला नाहीतर गप्प बसा, ती तुमचीच. क्वालिटीची हमी, पैशांचा हिशोब चोख, बिघाड कुठे आहे ते शोधायला सोपं. असं सगळं आयुष्य घालवलेल्या माणसाला कुणी येऊन सांगितलं की लाइन राखीव ठेवूच नका, तुकडे हवेत सोडा, हरवले तर परत पाठवा, तर तो हसणारच ना. सर म्हणाले मीपण तेव्हा हसलो असतो. ही एक गोष्ट मला भंवरकुआंला कुणी सांगितली नव्हती, सर्किट स्विचिंग (राखीव लाइन) आणि पॅकेट स्विचिंगचा (निरोपाचे तुकडे, म्हणजे पॅकेट) फरक दोन कॉलमच्या टेबलात पाठ केलेला, पण त्यामागे दोन पिढ्यांचं भांडण आहे हे आत्ता कळलं, आणि आता तो टेबल पाठ करायची गरज उरली नाही.

त्याच वेळी इंग्लंडमध्ये टेडिंग्टनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत डोनाल्ड डेव्हिस १९६५ मध्ये स्वतंत्रपणे त्याच ठिकाणी पोचला. त्याला अणुबॉम्बशी काही देणंघेणं नव्हतं, त्याला दिसत होतं की माणूस टर्मिनलवर एक ओळ टाइप करतो आणि मग विचार करत बसतो, तोवर लाइन फुकट अडकून पडते. बॅरनला माहीत नाही डेव्हिस कोण, डेव्हिसला माहीत नाही बॅरन कोण, आणि दोघांनी तुकड्याचा साइज ठरवला तोही सारखाच, १०२४ बिट. ऑक्टोबर १९६७ मध्ये डेव्हिसच्या टीममधला रॉजर स्कँटलबरी अमेरिकेत गॅटलिनबर्गच्या परिषदेत पेपर वाचायला गेला, तिथे लॅरी रॉबर्ट्सला, म्हणजे आर्पानेटचा आराखडा ज्याच्याकडे होता त्याला, हे सगळं कळलं, बॅरनच्या कामाचा पत्तासुद्धा त्याला तिथेच लागला. म्हणजे अमेरिकन माणसाचं अमेरिकेतलं काम अमेरिकन सरकारी माणसाला इंग्रजांनी सांगितलं.

सरांनी यावर जो खेळ घेतला तो या क्लासचा सगळ्यात भारी तास. वहीच्या चिठ्ठ्या केल्या, एका वाक्याचे तुकडे, प्रत्येकावर नंबर. आम्हा सगळ्यांना खोलीभर नोड म्हणून उभं केलं, प्रत्येकानं चिठ्ठी फक्त शेजाऱ्याला द्यायची, कुणाला द्यायची ते त्यानंच ठरवायचं. सर मधेच येऊन एखादी चिठ्ठी फाडून खिशात टाकायचे. वाक्य होतं "उद्या क्लासला पोहे मी आणणार नाही", आणि शेवटचा "नाही" सरांनी खिशात घातला. त्या टोकाला काकांकडे पोहे येणार असं पोचलं, सगळे खूश. मग सर म्हणाले, आता ठरवा, हरवलेलं कुणी शोधायचं, मधल्या लोकांनी की टोकाच्या दोघांनी? पाऊण तास भांडण चाललं. एसजीएसआयटीएसवाल्या पोरी म्हणत होत्या प्रत्येक नोडनं चेक करावं, कॉन्ट्रॅक्टर भिया म्हणाले मधल्या माणसावर भरवसा ठेवलात की झालं कल्याण, काकांनीच पाठवणाऱ्याला पावती द्यावी. आणि हेच भांडण १९७०च्या दशकात खरोखर झालेलं, ते पुढे येतं.

क्लाइनरॉकबद्दल सर जरा जास्तच प्रेमानं बोलतात. लेनर्ड क्लाइनरॉकनं एमआयटीत रांगांच्या गणितावर पीएचडी केली १९६२-६३च्या सुमारास, ते काम मोठंच आहे, आणि आर्पानेटचा पहिला नोड त्याच्या यूसीएलएच्या, म्हणजे लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या, लॅबमध्ये बसला. पण पॅकेट स्विचिंग कुणाचं यावर जुना वाद आहे आणि डेव्हिसनं त्याच्या शेवटच्या लेखात, जो तो २००० मध्ये वारल्यानंतर छापून आला, क्लाइनरॉकचा दावा सरळ खोडून काढलेला. सरांनी हा वाद एका वाक्यात उरकला. एवढं खोलात शिकवताय तर इथे का हात आखडता?

पुढचे दोन तास केंब्रिजच्या, म्हणजे मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजच्या, बीबीएन कंपनीचे. आर्पानं १४० कंपन्यांकडे टेंडर पाठवलेलं, मोठमोठ्या नावांनी रस घेतला नाही, काम मिळालं या छोट्या कंपनीला. फ्रँक हार्टची टीम, त्यात विल क्राउदर, सेव्हेरो ऑर्नस्टाइन, डेव्ह वॉल्डन, बॉब कान. हनीवेलचं डीडीपी-५१६ घेतलं आणि त्यातून आयएमपी बनवलं, म्हणजे आजच्या राउटरचा खापरपणजोबा, चारशेएक किलो वजनाचं धूड आणि मेमरी बारा हजार शब्दांची, हे ऐकून पोरांनी मोबाइल बाहेर काढून रॅम बघितली. मोठ्या कॉम्प्युटरांना नेटवर्कचं काम न देता मधे छोटी मशीन बसवायची ही आयडिया वेस्ली क्लार्कची, आणि तीच गोष्ट आज तुमच्या घरच्या राउटरपर्यंत आलीय, लॅपटॉपला रस्ते माहीत नसतात, तो फक्त गेटवेच्या, म्हणजे त्या राउटरच्या, हातात देतो. सर या क्राउदर-वॉल्डनच्या कोडवर एवढे फिदा आहेत की अर्धा तास नुसतं त्यावरच बोलले, मला मजा आली, बाकी निम्म्यांनी जांभया दिल्या.

२९ ऑक्टोबर १९६९ची रात्र तुम्ही कुठेतरी वाचलीच असेल, यूसीएलएतून चार्ली क्लाइन नावाच्या विद्यार्थ्यानं एसआरआय या संशोधन संस्थेच्या बिल डुव्हालकडे लॉगिन टाइप करायला घेतलं, एल गेलं, ओ गेलं, आणि तिकडची सिस्टिम पडली. तासाभरानं परत चालू. वर्षअखेरीला चार नोड, यूसीएलए, एसआरआय, सांता बार्बरा, युटा. त्यापेक्षा मला स्टीव्ह क्रॉकर आवडला. नेटवर्कवर कॉम्प्युटरांनी एकमेकांशी काय बोलायचं हे ठरवायचं काम पोरांवर सोडलेलं, कारण मोठ्यांना वेळ नव्हता, आणि पोरांना वाटत होतं कधीतरी कुणीतरी मोठा साहेब येईल आणि खरे नियम सांगेल. तोवर आपण फक्त नोट्स लिहू, कुणाचंही मत चालेल, अशा नरमाईच्या सुरात ७ एप्रिल १९६९ला आरएफसी (रिक्वेस्ट फॉर कमेंट्स, म्हणजे मतं कळवा) नंबर १ निघाला, आणि ज्या मित्रांकडे राहत होता ते उठू नयेत म्हणून क्रॉकर हे रात्री बाथरूममध्ये बसून लिहायचा. साहेब काही आलाच नाही. आजही नवीन प्रोटोकॉल आरएफसी म्हणूनच निघतो. सर प्रिंट काढून देतात आणि मोठ्यानं वाचायला लावतात, वाचाच, सोपं इंग्लिश आहे.

याच जागी सर छाती फुगवून आपला माणूस सांगतात तो म्हणजे अभय भूषण. अलाहाबादचा मुलगा, आयआयटी कानपूरची पहिली बॅच, तिथून एमआयटी, आणि एप्रिल १९७१ मध्ये आरएफसी ११४, म्हणजे एफटीपी, एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर फाइल पाठवायचा प्रोटोकॉल. आमच्या कंपनीतले जुने स्कॅनर आजही एफटीपीनंच फाइल सर्व्हरवर टाकतात आणि दर दोन-तीन महिन्यांनी पासवर्ड एक्स्पायर झाला म्हणून माझ्या डोक्याला ताप होतो, तो ताप अलाहाबादवाल्यानं दिलाय हे कळल्यापासून जरा कमी वाटतो.

आता इथरनेट, म्हणजे एका ऑफिसातली कॉम्प्युटर तारेनं जोडायची पद्धत. सरांकडे एक जुना दहा एमबीपीएसचा हब आहे, म्हणजे आलेलं सगळं सगळ्यांना पाठवणारा डबा, ज्याच्यावर दोघांनी एकदम पाठवून टक्कर (कोलिजन) झाली की लाल दिवा लागतो. आजच्या पोरांनी हब बघितलेलाच नसतो, सगळीकडे ज्याचं त्यालाच देणारा स्विच, त्यामुळे कोलिजन पुस्तकात वाचतात आणि सोडून देतात. सरांनी चार लॅपटॉप जोडले, सगळ्यांना एकदम फाइल कॉपी करायला लावली आणि दिवा असा फडफडायला लागला की बस. तोवर आधी हवाईची गोष्ट सांगून झालेली होती, नॉर्मन अब्रॅमसन, हवाई विद्यापीठ, बेटाबेटांत फोनच्या तारा महाग आणि वाईट, म्हणून रेडिओ, एकच चॅनल सगळ्यांना, ज्याला वाटेल त्यानं पाठवावं, टक्कर झाली तर थोडं थांबून परत. १९७१ मध्ये हे अलोहानेट चालू झालं. आमच्याकडे गणपतीत सगळ्या आत्या-काकू जमल्या की अगदी हेच चालतं, सगळ्या एकदम सुरू होतात, एकदम थांबतात, आणि मग जिला दम असेल ती आधी बोलते. गणित असं सांगतं की या पद्धतीनं चॅनलचा जास्तीत जास्त १८ टक्क्यांच्या आसपासच उपयोग होतो, वेळेच्या खाचा पाडल्या तर दुप्पट, ३७.

बॉब मेटकाफला हार्वर्डनं पीएचडी नाकारली होती. १९७२ मध्ये वॉशिंग्टनला तो क्रॉकरच्या घरी उतरलेला (तोच बाथरूमवाला क्रॉकर), झोप येईना म्हणून हाताला लागेल ते वाचायला घेतलं तर त्यात अब्रॅमसनचा पेपर. वाचून त्याचं डोकं फिरलं, कारण त्यात लोक न थांबता पाठवतच राहणार असं धरलेलं. त्यानं गणित सुधारलं, डिग्री मिळवली, आणि झेरॉक्सच्या पालो आल्टोच्या लॅबमध्ये २२ मे १९७३ला इथरनेटचा मेमो लिहिला. बोलायच्या आधी ऐका, बोलताना पण ऐका, टक्कर झाली की मागे हटा आणि दर वेळी जास्त मागे हटा. डेव्हिड बॉग्सच्या हातात सोल्डरिंग, मेटकाफच्या हातात गणित, स्पीड २.९४ एमबीपीएस, कारण अल्टो कॉम्प्युटरच्या घड्याळातून तेवढाच निघत होता. आणि एवढं सगळं कशासाठी, तर बरीच कॉम्प्युटर एका लेझर प्रिंटरला जोडायला. प्रिंटरचा त्रास तेव्हापासून आहे म्हणायचं. मेटकाफला २०२२चं ट्युरिंग अवॉर्ड मिळालं, बॉग्स त्याच वर्षी फेब्रुवारीत गेला. याच मेटकाफनं १९९५ मध्ये लिहिलेलं की १९९६ मध्ये इंटरनेट कोसळणार, नाही कोसळलं तर माझे शब्द मी खाईन, आणि १९९७ मध्ये स्टेजवर तो लेख पाण्यात घालून मिक्सरमध्ये फिरवून खरंच प्यायला. त्या तासाला हसून हसून वाट लागली.

टीसीपी-आयपीचे, म्हणजे आजचं इंटरनेट ज्या नियमांवर चालतं त्यांचे, तास सरांचे सगळ्यात चांगले बांधलेले. आधी लुई पूझां, फ्रान्सचा, सिक्लाड नावाचं नेटवर्क. मधल्या जाळ्यानं फक्त ढकलायचं, ओळ लावणं, हरवलेलं परत मागणं हे टोकाच्या मशीननं बघायचं, हे त्यानं केलं आणि चालवून दाखवलं. म्हणजे आमचे कॉन्ट्रॅक्टर भियाच बरोबर निघाले, त्यांनी त्या दिवशी सगळ्यांना समोसे खिलवले. फ्रेंच टेलिफोन खात्याला राखीव लाइनवालीच पद्धत हवी होती, सत्तरच्या दशकाच्या शेवटी सिक्लाडचे पैसे बंद झाले. पण तोवर कल्पना समुद्रापलीकडे गेलेली. बॉब कानपुढे तीन जाळी होती, आर्पानेट, रेडिओ आणि सॅटेलाइट, तिन्हींचा वेग वेगळा, तुकड्याचा साइज वेगळा, आणि एकानंही आपलं घर दुसऱ्यासाठी बदलायचं नव्हतं. त्यानं विंट सर्फला सोबत घेतलं, मे १९७४ मध्ये पेपर आला. तेव्हा टीसीपी (टोकाला हरवलेलं परत मागणारं) आणि आयपी (मधे फक्त पुढे ढकलणारं) एकच होतं, जॉन पोस्टेलनं १९७७ मध्ये लिहून कळवलं की प्रत्येक लेयरनं, म्हणजे थरानं, आपलंच काम करायचं हा नियमच आपण मोडतोय, आणि १९७८ मध्ये दोन वेगळे केले. २२ नोव्हेंबर १९७७ला कॅलिफोर्नियात धावत्या व्हॅनमधून निघालेली पॅकेट आर्पानेट, सॅटेलाइट, लंडन असं फिरून परत लॉस एंजेलिसला पोचली. १ जानेवारी १९८३ला जुना प्रोटोकॉल बंद, जो बदलला नाही तो बाहेर.

हे शिकवून झाल्यावर सर वायरशार्क, म्हणजे ये-जा करणारी पॅकेट दाखवणारं सॉफ्टवेअर, उघडतात आणि तुमच्याच मोबाइलची जोडणी सुरू होतानाचे तीन निरोप, सिन, सिन-अ‍ॅक, अ‍ॅक समोर दाखवतात. मी हे आधीच्या क्लासात पाठ करून पास झालेले. पहिलं सिन कशाला आणि तिसरं अ‍ॅक का हवंच, हे इथे चिठ्ठ्या हरवल्यावर कळलं.

आणि इथून पुढे क्लास ढेपाळतो, हे स्पष्ट लिहायला हवं. १९८३ आलं की सरांची गाडी एकदम टॉप गिअरमध्ये. जेक फाइनलर, जिच्या ऑफिसातून सगळ्या नेटवर्कची नावांची फाइल चालायची आणि नवीन मशीन जोडायचं तर तिच्याकडे कळवायला लागायचं, ती दोन मिनिटांत संपली. पॉल मॉकापेट्रिसचं डीएनएस, म्हणजे नावावरून मशीनचा पत्ता शोधायची सोय, जे आमच्या नोकरीत रोज उठून डोकं खातं, एका संध्याकाळच्या उरलेल्या वेळात. व्हॅन जेकबसनचं तर मला खरंच वाईट वाटलं. ऑक्टोबर १९८६ मध्ये बर्कली लॅब आणि बर्कली युनिव्हर्सिटी, मधे चारशे यार्ड अंतर, आणि स्पीड ३२ हजार बिटवरून ४० बिट प्रति सेकंद. चाळीस! सगळे परत परत पाठवत होते म्हणून सगळं तुंबलं, आणि त्यानं टीसीपीला दमानं सुरू करायला शिकवलं, पॅकेट हरवलं की हात आवर. रात्री आठ वाजता तुमच्या कॉलनीत व्हिडिओ अडकतो पण बंद पडत नाही तो या माणसामुळे. चिठ्ठ्यांचा खेळ इथे परत घ्यायला किती सोपं होतं, घेतला नाही.

रेडिया पर्लमनलाही शेवटची दहा मिनिटं. अहो, आमच्याकडे गोडाऊनमध्ये कुणीतरी सुटी पडलेली वायर दिसली म्हणून दोन्ही टोकं एकाच स्वस्तातल्या स्विचमध्ये खुपसली, पॅकेट गोल गोल फिरत राहिली आणि अख्खा मजला बंद, डिस्पॅचची बिलं अडकली, दुपारभर मी शिडीवर. याच भानगडीचं उत्तर या बाईंनी १९८५ मध्ये डेक कंपनीत काढलं. मॅनेजर काम सोपवून आठवडाभर सुट्टीवर गेला, तो यायच्या आत असे फेरे आपोआप तोडणारं स्पॅनिंग ट्री तयार, आणि उरलेल्या वेळात त्यावर एक कवितासुद्धा. सपोर्टवाल्या माणसाला क्लाइनरॉकच्या रांगांपेक्षा हे शंभरपट जास्त लागतं. बीजीपी, म्हणजे मोठमोठ्या नेटवर्कनी एकमेकांना रस्ते सांगायचा प्रोटोकॉल, जे १९८९ मध्ये रेख्टर आणि लॉगहीड यांनी जेवणाच्या टेबलावर नॅपकिनवर आखलं, ते नुसतं नाव घेऊन सोडलं.

भारताचा भाग छोटा पण मनापासूनचा. १९८६चं एर्नेट (शिक्षण आणि संशोधन संस्थांचं नेटवर्क), मुंबईचं एनसीएसटी (सॉफ्टवेअर संशोधन केंद्र), तिथले श्रीनिवासन रमाणी, आयआयटी मुंबईशी डायल-अपवर पहिली ईमेल, मग १५ ऑगस्ट १९९५ला व्हीएसएनएल या तेव्हाच्या सरकारी कंपनीनं सगळ्यांसाठी इंटरनेट उघडलं. सर तेव्हा नोकरीत होते, त्यामुळे मोडेमचे आवाज तोंडानं काढून दाखवतात, आणि हुबेहूब काढतात.

लॅबचं बोलायचं तर दोन जुने मॅनेज्ड स्विच, एक राउटर ज्याचा एक पोर्ट मेलेला, तो हब आणि बस. नंबर लावून बसावं लागतं, एक जण कमांड मारतो बाकी बघतात. व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचवर वेगवेगळी नेटवर्क पाडणं, एकदाच करून मिळालं. आयपीव्ही६, म्हणजे आयपीची नवी आवृत्ती, फळ्यावर आहे, मशीनवर नाही. वाय-फाय आणि फायरवॉल जवळपास नाहीच. मी सरांना म्हटलं की सिम्युलेटरवर घरी करून यायला असाइनमेंट द्या, ते म्हणाले बघू. आरएनटी मार्गावर सेकंडहँड स्विच बऱ्या भावात मिळतात, दोन-तीन आणून टाकले तरी खूप फरक पडेल.

फी भंवरकुआंच्या निम्म्याहून कमी, दोन हप्त्यांत चालते, यूपीआय घेतात. सर्टिफिकेट मिळत नाही, मागूपण नका, सर चिडतात. नोट्स फोटोकॉपी, अक्षर सुंदर. रेकॉर्डिंग करू देत नाहीत. सुट्टी पडली तर काकू खालून फोन करून विचारतात की बरं आहे ना.

माझे पाचपैकी चार. परीक्षा डोक्यावर असेल आणि पास व्हायचंय एवढंच असेल तर इथे येऊन वेळ घालवू नका, पहिले तीन-चार तास तुम्ही नुसते घड्याळ बघत बसाल. ज्यांनी एक कोर्स केलाय, काम करतायत, पण नेटवर्क बंद पडलं की रिस्टार्टशिवाय काही सुचत नाही, त्यांनी जरूर जा. पोरगं अकरावी-बारावीत असेल आणि कॉम्प्युटरचं वेड असेल तर त्यालाही पाठवा.

पुढची बॅच गणपती झाल्यावर आहे. नावनोंदणी फोनवर होत नाही, संध्याकाळी सहानंतर घरी जाऊन सांगावं लागतं. टू-व्हीलर गल्लीत डावीकडे लावा, उजवीकडे लावली की शेजारचे काका हवा सोडतात.